न्यूझीलंडमधील कायदेशिक्षण आणि आपल्या मुलांची पूर्वतयारी

(अप्पर हट येथील वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने डॉक्टर आहे, वकील नव्हे. तरीही ‘कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी’ हा विषय कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविला. या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, हेच त्याचे कारण असावे. ती आज सविस्तर सांगते.

माझा थोरला मुलगा शाळेच्या अखेरच्या वर्षात असताना त्याने कायदा शिकण्याची इच्छा व्यक्त केली. आम्हां उभयतांना अतिशय आनंद झाला. आमची पिढी बारावीच्या गुणपत्रिकेवर सारे आयुष्य ठरते, या समजुतीत वाढलेली. तेव्हा कायद्यालाही एखादी परीक्षा असणारच, हे आम्ही गृहीत धरले. नागपूरला भावाकडे फोन केला. भाचा त्या वेळी क्लॅटची तयारी करीत होता. त्याची पुस्तके, सामान्यज्ञानाच्या वह्या, सराव-प्रश्नपत्रिका असे सारे बॅगेत भरून मी येथे आणले. त्यातच मुलाच्या शाळेत पालकसभेला ‘युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स’ हे शब्द कानी पडले आणि माझी खात्रीच पटली.

वस्तुतः या देशात कायद्यासाठी प्रवेशपरीक्षाच नाही. भारतात २००८ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे, महाराष्ट्रात २०१६ पासून राज्याची सीईटी आहे. इंग्लंडातील काही विद्यापीठे एल्नॅट घेतात, अमेरिकेत एल्सॅट आहे. येथील ‘युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स’ ही परीक्षा नसून पात्रता आहे. एन.सी.ई.ए.च्या तिसऱ्या पातळीवर तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट्स आणि भाषा व गणित यांची किमान अट, एवढाच तिचा अर्थ. (एन.सी.ई.ए. बदलण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ साली जाहीर केला. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी शाळेत विचारपूस करीत राहावे.) वैद्यकीय प्रवेशासाठी येथे यूकॅट नावाची परीक्षा आहे खरी, आणि म्हणूनच आम्हां डॉक्टर मंडळींची फसगत अधिक सहज होते.

मग चाळणी लागते कोठे? ती लागते पहिल्या वर्षानंतर. वेलिंग्टनचे व्हिक्टोरिया, तसेच ऑकलंड, ओटागो, कोठेही पाहा, एल.एल.बी.च्या दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरतात. म्हणजे परीक्षा दोन तासांची नाही, वर्षभराची आहे. आणि तिच्यात चार पर्यायांतून एक निवडायचा नसतो. काही घटना दिलेली असते, तिला कोणता नियम लागू पडतो, का पडतो आणि विरुद्ध पक्ष काय म्हणेल, हे सलग गद्यात लिहावे लागते.

माझ्या मुलाला उत्तरे येत होती. पहिल्याच चाचणीत त्याने दोन ओळींत अचूक उत्तर लिहिले. परीक्षकाने समासात ‘का?’ एवढाच शब्द लिहून निम्म्याहून कमी गुण दिले. ती सवय मोडेपर्यंत वर्ष सरले आणि दुसऱ्या वर्षात प्रवेश हुकला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. अखेर नागपूरहून माझ्या आईने त्याला फोनवर सांगितले, “अरे, बाबासाहेब १९१६ ला ग्रेज इनमध्ये गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला परत आले, १९२० ला पुन्हा गेले, तेव्हा कुठे १९२२ ला बॅरिस्टर झाले. तुला काय घाई आहे?” त्याने इतिहासाची पदवी घेतली, पुन्हा अर्ज केला आणि आता तो कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे.

धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही पुस्तके आणली नाहीत. येथील १९९३ च्या मानवी हक्क कायद्याचे एकविसावे कलम तिच्यापुढे ठेवले. ज्या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे त्यांची यादी त्यात आहे : वर्ण, वंश, धर्मश्रद्धा, अपंगत्व, वय इत्यादी. जात हा शब्द त्यात नाही. ‘वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ’ असे शब्द मात्र आहेत. प्रश्न असा : त्या शब्दांत जात बसते का?

याचा शोध घेताना ती एका न्यूझीलंडी खटल्यापर्यंत पोहोचली. १९७९ साली किंग-अँसेल विरुद्ध पोलीस या प्रकरणात, ज्यूंविरुद्धच्या पत्रकाच्या निमित्ताने, ज्यू हा ‘वांशिक मूळ’ असलेला समूह आहे का, हे येथील अपील न्यायालयापुढे आले. न्यायालयाने होय म्हटले. केवळ रक्त पाहायचे नाही, समान चालीरीती, श्रद्धा आणि सामायिक भूतकाळ यांतून आलेली ओळखही पाहायची. १९८३ साली पगडीमुळे शाळाप्रवेश नाकारलेल्या शीख मुलाच्या मांडला खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने याच निकालाचा आधार घेतला. पुढे २०१४ साली, भारतातून नेलेल्या एका घरकामगार स्त्रीच्या दाव्यात, काही परिस्थितीत जात ‘वांशिक मूळ’ या शब्दांत येऊ शकते, असे तेथील अपील न्यायाधिकरणाने म्हटले. तो निर्णय येथील न्यायालयांवर बंधनकारक नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुलीने एक पान लिहिले : जात या कलमात येते. आम्ही खूष. पुढच्या आठवड्यात तिने दुसरे पान लिहिले : येत नाही, एवढी लांब यादी करणाऱ्या संसदेला जात घालायची असती तर तिने तो शब्द लिहिला असता, आणि न्यायालयाने तो मागच्या दाराने आणू नये. हे वाचून तिच्या वडिलांचा संयम सुटला. जेवणाच्या टेबलावर मोठाच वाद झाला. माझेही मन दुखावले, हे कबूल करते. परंतु दोन्ही पानांत दुसरे अधिक मुद्देसूद होते. आणि आपल्याविरुद्ध काय म्हटले जाईल हे ज्याला आधी लिहिता येत नाही, त्याला आपली बाजूही नीट मांडता येणार नाही, हे आम्हांला त्या रात्री कळले.

आणखी एक उपाय आम्हांला फार उपयोगी पडला. वाचलेला प्रत्येक निकाल तिने आजीला फोनवर मराठीत सांगायचा. आजीला समजला तर तो हिलाही समजला. आजी मधेच “पण पगडीने शाळेचं काय बिघडत होतं?” असे विचारी, आणि खटल्याचा खरा मुद्दा नेमका तोच असे.

आपण राहतो तेथून ही वाट दूर नाही. अप्पर हटच्या स्थानकावरून गाडीत बसलात की वेलिंग्टनला उतरून रस्ता ओलांडताच १८७६ सालची, दगडी भासणारी पण संपूर्ण लाकडी सरकारी इमारत दिसते. १९९६ पासून व्हिक्टोरियाचा कायदा विभाग तेथेच आहे. जवळच सर्वोच्च न्यायालय आहे. सुनावणी ऐकण्यास कोणालाही बसता येते आणि तिकीट लागत नाही. शाळेच्या सुटीत मुलांना एकदा घेऊन जा. पहिला अर्धा तास कंटाळा येतो. न्यायमूर्ती वकिलाला अडवू लागले की मुले सरसावून बसतात.

चहाच्या टेबलाशेजारी एकविसाव्या कलमाच्या प्रती ठेवल्या आहेत, खाली तोच प्रश्न लिहिला आहे. तेराव्या वर्गातील मुलांनी प्रत्येकी दोन पाने लिहावीत, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि पुढील महिन्याच्या बैठकीला आणावीत. ती मी तपासणार नाही. माझा मुलगा तपासील. समासात ‘का?’ लिहिण्याची त्याला आता फार हौस आहे.

जयभीम.