तारीख लिहून ठेवा, बायांनो

आज कोर्टाच्या मुदतीबद्दल बोलू.

पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ गाडीवर बसवून रजिस्ट्री ऑफिसात नेतो. "कर्जाच्या कागदावर सही पाहिजे," म्हणतो. कागद असतो हक्कसोडपत्राचा. नांदेड काय नि लातूर काय, हे सगळीकडं चालतं. अशी फसवून सही घेतली असेल तर पत्र रद्द करायचा दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत. सही दिलीच नाही आणि एकत्र कुटुंबाच्या जमिनीत वाटा नाकारला, तर नाकारल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. हिंदू कुटुंबातल्या लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. नुसत्या फेरफारानं तो जात नाही. पण "पुढच्या दिवाळीला बघू" म्हणता म्हणता तो हातचा जातो. दिवाणी दाव्याची मुदत टळली, की उशीर माफ करायची सोय तिथं नाही.

उसने पैसे वसूल करायला साधारण ३ वर्षं. मुदतीच्या आत देणेदारानं "एवढे देणं आहे" असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू होते. तोंडी कबुली चालत नाही, गटातल्या बायांनी हे ध्यानात ठेवावं.

आता फौजदारी. नवऱ्यानं, सासरच्यांनी छळ केला तर त्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून तक्रारीलाही ३ वर्षं. छळ चालूच असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. इथं उशिराचं खरं कारण पटलं तर कोर्ट माफ करू शकतं. लेकरं लहान होती, जायला घर नव्हतं, हे वकिलाला सांगायला लाजू नका. बलात्कार, हुंडाबळी अशा मोठ्या गुन्ह्यांना मुदतच नाही. तरी दवाखान्याचा कागद पहिल्याच दिवशी करा, अंगावरचा वळ कायदा वाचून थांबत नाही. घरात राहू द्या, संरक्षण द्या, असा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही एका वर्षात केला नाही म्हणून फेटाळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ ला सांगितलंय.

फौजदारी मुदत मोजताना तक्रार दिल्याची तारीख धरतात. म्हणून पोच घेतल्याशिवाय उठू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

वकिलाच्या फीची काळजी आहे? बाईला उत्पन्न न बघता सरकारी वकील मोफत मिळतो. नांदेड, लातूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. फोन १५१००. जाताना सातबारा, आधार आणि तारखा लिहिलेली वही बरोबर घ्या.