शरणपूरची मुले आणि आपला मांडव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या दिल्ली नगरीत घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि आपला पहिला गणपती बसविला, त्यांतील काही मंडळी आज समोरच्या रांगेत बसली आहेत. त्यांना प्रथम वंदन करतो. परगावी आलेल्या माणसाला नोकरी मिळते, घर मिळते. पण आपल्या नावाने हाक मारणारे माणूस मिळायला मंडळ लागते, हे त्यांनी आपल्याला शिकविले. आज मला बोलायचे आहे ते या हाकेविषयीच. मात्र ते आपल्यापेक्षा कितीतरी दूर येऊन पडलेल्या आफ्रिकी माणसांच्या संदर्भात. विषय परका वाटेल, पण त्याचा आरंभ आपल्या नाशिकला होतो.

मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे आफ्रिकेशी असलेले आपले जुने नाते सर्वांना ठाऊक आहे. नाशिकचे नाते मात्र विस्मरणात गेले आहे. तेथील शरणपूर रस्त्याने आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वसाहत उभारली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे जात. त्यांतील काही ब्रिटिश आरमाराच्या हाती लागत, आणि सुटका झालेली पुष्कळ मुले मुंबई बंदरात उतरविली जात. आईबाप कोठे, गाव कोणते, कशाचा पत्ता नाही. अशा कित्येक मुलांना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आसरा मिळाला. तेथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ असे म्हटलेले आढळते.

या मुलांतील काहीजण तरुणपणी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तुकडीत दाखल झाले. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन मरण पावला. सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली साथीदारांनी त्याचे शव मीठ लावून उन्हात वाळविले आणि हजार मैलांहून अधिक अंतर पायी तुडवीत समुद्रकिनाऱ्यावर आणले. शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने अरण्यात अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर मृत्युलेख कोरला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेसोबत चालणाऱ्यांत तोही होता. पोरका म्हणून नाशिकला आलेला मुलगा! कोणी त्याच्यावर विश्वासाने काम सोपविले, आणि त्याने ते शेवटाला नेले.

विल्यम जोन्स हाही शरणपूरचाच. तो पूर्व आफ्रिकेत परतला आणि मोंबासाजवळ राबाई येथे धर्मोपदेशक झाला. मालकांच्या जाचातून पळून आलेले गुलाम तेथे आसऱ्याला येत. मालक त्यांना परत मागत; पण आसरा मोडला नाही. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना मोबदला देऊन अशा सुमारे १,४०० माणसांना मुक्ततेचे दाखले दिले. ज्याला लहानपणी आसरा मिळाला, तो मोठेपणी दुसऱ्यांचा आसरा झाला.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे. लिव्हिंग्स्टनचे शव वाहून नेणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन हा १९३५ पर्यंत मोंबासाला हयात होता. त्याचे जन्माचे नाव चेंग्विम्बे. वेलिंग्टन हे नाव त्याला मागाहून मिळाले. शरणपूरने मुलांना छप्पर दिले, अन्न दिले, हाताला कसब दिले. त्या मोबदल्यात त्यांची मूळची नावे मागे पडली. उपकार करणाऱ्याच्या हातून नकळत हे असे घडते, हे ध्यानात ठेवून मी पुढे जातो.

आता लंडनकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतून हजारो कुटुंबे कामासाठी तेथे गेली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून त्या बेटांवर नेलेल्या माणसांचे हे वंशज. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले आणि अनेक दिवस दंगल चालली. क्लॉडिया जोन्स ही मूळची त्रिनिदादची पत्रकार तेव्हा लंडनला एक वृत्तपत्र चालवीत होती. तिने निषेधसभेवर न थांबता उत्सव योजिला. ३० जानेवारी १९५९ रोजी, कडाक्याच्या थंडीत, सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये त्रिनिदादच्या धर्तीचा कार्निव्हल झाला. त्यात तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून बनविलेल्या स्टीलपॅनचा नाद घुमला. पुढे १९६६ पासून याच नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर उत्सव भरू लागला, आणि आज ऑगस्टअखेर लाखो माणसे तेथे लोटतात.

स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करून थकलेल्या आपल्या चिटणीसांनी यातील एक तपशील मुद्दाम ऐकावा. १९५९ च्या त्या उत्सवाचीही एक स्मरणिका निघाली होती. तिच्या विक्रीच्या उत्पन्नाचा काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात अडकलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी राखून ठेवला होता. आणि तो काळ्या तरुणांसाठी तसाच गोऱ्यांसाठीही! उत्सव आणि मदत यांची दोन खाती त्या बाईंनी वेगळी मांडली नाहीत.

अशा आधाराने काय घडते, याचे ताजे उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले आहे. कॅमेरूनमध्ये जन्मलेली सिंडी एन्गाम्बा लहानपणी इंग्लंडला आली. तिथली भाषाही तिला येत नव्हती. बोल्टन गावातील मुलामुलींच्या एका क्लबात ती फुटबॉल खेळायला जाऊ लागली आणि तेथेच तिला मुष्टियुद्धाची गोडी लागली. शरणार्थी संघाला ऑलिंपिकमधले पहिले पदक तिने मिळवून दिले.

आता आपल्या दाराशी येतो. सोमालिया, सुदान, काँगो या देशांतून परागंदा झालेली काही कुटुंबे या दिल्लीत राहतात. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने दिलेले ओळखपत्र हाच त्यांतील पुष्कळांचा मुख्य आधार. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कागदाचे मोल मी जाणतो. आणि कागदाने शेजार मिळत नाही, हेही जाणतो.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाचा कार्यक्रम माझ्याकडे होता. सोमालियातील चार तरुणांना मी वादनासाठी बोलाविले. मांडव दणाणून गेला, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पंगती बसल्या. ते तरुण मात्र मांडवाच्या मागच्या बाजूने निघाले होते. मी धावत जाऊन आभार मानले. त्यांतील एकाच्या हातात आपली कार्यक्रमपत्रिका होती. त्याने अगदी नम्रपणे हिंदीत विचारले, “यात तबलजीचेही नाव आहे. आमची का नाहीत?” पत्रिकेत मी छापले होते, ‘आफ्रिकन वाद्यवृंद’. त्यांची नावे मी विचारलीच नव्हती. त्यांना पंगतीला बसा म्हणायचेही मला सुचले नव्हते. चेंग्विम्बेची हकीकत मी नंतर वाचली, तेव्हा ती मला जुनी वाटली नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन गोष्टी सुचवितो. २० जून हा पूर्वी आफ्रिकेचा निर्वासित दिन होता. २००१ पासून तो जगाचा झाला. त्या दिवशी आपले सभागृह आणि रंगमंच या तरुणांच्या स्वाधीन करावा. काय सादर करायचे, कोणी बोलायचे, जेवायला काय करायचे, हे त्यांनी ठरवावे. खुर्च्या आपण मांडू. दुसरे, स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील काही हिस्सा त्यांच्या शिक्षणाच्या आणि परीक्षेच्या शुल्कासाठी काढून ठेवावा. तिसरे, आपल्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी रविवारी दोन तास हिंदी, इंग्रजी आणि गणित शिकवावे.

कोणी म्हणेल, आपलीच मुले मराठी विसरत चालली आहेत. आधी त्यांचे पाहा. ही चिंता मलाही आहे. पण आपल्या घरातील मुलाला जेव्हा परक्या मित्राला आरतीचा अर्थ समजावून सांगावा लागेल, तेव्हा तो प्रथम घरी येऊन आजीला विचारील. त्यात तोटा कोणाचाच नाही.

येत्या २० जूनच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा मी सोबत आणला आहे. वेळ आणि स्थळ लिहिले आहे. नावांसाठी जागा कोरी ठेवली आहे. ती भरण्यासाठी त्यांच्या वस्तीत जावे लागेल. पुढच्या रविवारी मी जाणार आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे.