करुणेचा सराव

21 जून 2023 रोजी सुरतेत सुमारे दीड लाख लोकांनी एकत्र योग केला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण आसनांनी शरीर वाकते, मन हळवे होते का? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात दुःखी माणसाविषयीची करुणा हा चित्त प्रसन्न ठेवण्याचा उपाय सांगितला. म्हणजे करुणा सरावाने येते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच दाखवले: दोन आठवडे रोज अर्धा तास करुणाध्यान केलेल्यांनी अन्याय झालेल्या अनोळखी माणसासाठी आपल्या वाट्याचे पैसे अधिक सोडले.

सुरतेच्याच लिंबायत-उधन्यात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा खानदेशी कामगार म्हणेल, मला वेळ कुठे? आणि ही करुणा स्वतःवरही करून स्वतःला माफ करत बसलो तर आळशीच होईन. दुसऱ्या शंकेला अमेरिकेतीलच बर्कले विद्यापीठातल्या 2012 च्या प्रयोगांत उत्तर आहे. नापास झाल्यावर स्वतःशी ममतेने वागलेले विद्यार्थी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले. पहिली शंका मात्र रास्त आहे. ध्यान ही विश्रांतीची किंवा मजुरीची भरपाई नव्हे, तसे सांगणे अन्यायाचेच. तरी तुटलेला धागा जोडताना स्वतःवर न चिडता श्वास सावकाश सोडणे आणि शेजारच्या मागावरच्या माणसाचे भले चिंतणे, एवढे पाळी चालू असतानाही जमते.