किमान रकमेचं कमाल ओझं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेकांच्या डोक्यावर एकच कर्ज होतं, घराचं. हप्ता किती आणि तो कधी फिटणार, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. आज काही घरांत आणखी एक कर्ज असतं आणि ते बायकोला किंवा आई-वडिलांना माहीत नसतं. ते क्रेडिट कार्डाचं. आज त्यातून बाहेर कसं पडायचं, एवढंच बोलणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कार्ड वाईट नाही. बिल मुदतीत पूर्ण भरलं तर खरेदीच्या तारखेप्रमाणे वीस दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. घोटाळा होतो तो बिलावरच्या दुसऱ्या आकड्यामुळे. पहिला आकडा एकूण देय रकमेचा. दुसरा किमान देय रकमेचा, म्हणजे ‘मिनिमम ड्यू’चा. अनेकांना वाटतं, किमान रक्कम भरली की या महिन्याचा प्रश्न मिटला. विलंब आकार टळतो, हे खरं. पण व्याज टळत नाही.

हिशोबच मांडू. कार्डावर १ लाख रुपये बाकी आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो. ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचे ४२ टक्के होतात. आपल्या सोसायटीत मेंटेनन्स थकला तर आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावायची मुभा राहिली आहे. तेवढ्यावरही सर्वसाधारण सभेत केवढा आरडाओरडा होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय! इथे त्याच्या दुप्पट लागतं आणि आपण मोबाइलवर एक बटण दाबून गप्प बसतो.

तर महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. एकूण ४,१३०. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली, तर तुम्ही भरणार ५,०००. म्हणजे मुद्दल उतरलं किती? फक्त ८७० रुपये. नवी खरेदी एका पैशाची न करता वर्षभर असंच पाच टक्क्यांनी भरत राहिलात, तर खिशातून सुमारे ५७ हजार जातील आणि कर्ज कमी होईल जेमतेम १० हजारांनी. बँकेप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतील, चित्र हेच राहील. आणि मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. भाजी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज सुरू.

आता हेच १ लाख रुपये दुसरीकडून १५ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले आणि कार्डाची बाकी एकदम भरून टाकली, तर दोन वर्षांच्या मुदतीला हप्ता बसतो साधारण ४,८५० रुपये. म्हणजे महिन्याला जवळपास तेवढेच पैसे, पण चोवीस महिन्यांत कर्ज शून्य. माझ्या आजच्या बोलण्याचं सार हेच आहे. खूप लोकांची भरण्याची ताकद असते, पण पैसे चुकीच्या खड्ड्यात पडत असतात.

म्हणून क्रम सांगतो.

पहिलं काम, कार्ड थांबवायचं. कपाटात ठेवून चालत नाही, कारण त्याचा नंबर मोबाइलमधल्या दहा ॲपमध्ये बसलेला असतो. तो तिथून काढा. विजेचं बिल, सिनेमाचं ॲप, जे काही आपोआप कार्डावरून कापलं जातं, ते बचत खात्यावर वळवा.

दुसरं, सगळी कार्डं एका कागदावर लिहा. बाकी किती, दर किती, भरायची तारीख कोणती. ‘ईएमआय’ करून घेतलेल्या वस्तूही लिहा. माझ्या ओळखीतला एक तिशीतला मुलगा तीन कार्डं सांभाळत होता. एका कार्डावर एटीएममधून रोख काढायची आणि दुसऱ्याचं बिल भरायचं. याची टोपी त्याला! रोख काढली की शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. त्याला एकूण आकडा विचारला, तर म्हणाला, “काका, असेल दोन-सव्वादोन लाख.” बेरीज आली दोन लाख ऐंशी हजार. दीड वर्षात त्याने ती बेरीज कधी केलीच नव्हती, भीतीपोटी.

तिसरं, स्वस्त पैसा शोधा. ऑफिसात पगारदार नोकरांची पतसंस्था असेल तर आधी तिथे जा. त्या मुलाला तिथेच १२ टक्क्यांनी कर्ज मिळालं. मुदत ठेवीवर कर्ज साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. विमा पॉलिसीवर मिळतं, सोन्यावरही मिळतं. मात्र एक धोका लक्षात घ्या. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. दागिने किंवा घर तारण ठेवून ते फेडलं आणि कार्ड पुन्हा चालू केलं, तर दोन्ही कर्जं उरावर बसतील आणि वर दागिनेही जातील. पहिलं काम झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका.

चौथं, दुसरीकडून कर्ज मिळालंच नाही, तर सगळ्या कार्डांची किमान रक्कम वेळेवर भरा आणि उरलेला सगळा जोर एकाच कार्डावर लावा. ज्याचा दर जास्त ते आधी, हे शास्त्र. पण दर बहुधा सारखेच असतात. मग सर्वांत लहान बाकी आधी संपवा. एक कार्ड बंद झालं की माणसाला हुरूप येतो. बाकी शून्य झाल्यावर बंद करायचा अर्ज दिला, की रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

हप्ते आधीच थकले असतील तर ‘अर्धे भरा, विषय संपवा’ असा फोन येतो. याला सेटलमेंट म्हणतात. अगदीच इलाज नसेल तरच घ्या, आणि पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. सिबिलच्या नोंदीत ते खातं ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढे गृहकर्ज मागायला गेलात की नेमकं तेच आडवं येतं.

वसुलीच्या फोनची धास्ती पुष्कळांना असते. वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, कशालाच परवानगी नाही. तसं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला एक पैसा लागत नाही. देणं आपण देणारच आहोत, पण इज्जत गहाण ठेवलेली नाही.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी. मुलाचं कर्ज फेडायला आपली एफडी मोडावी का? आकड्यात बघितलं तर सात टक्क्यांची ठेव ठेवून ४२ टक्क्यांचं कर्ज चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पण दोन अटी घाला. दवाखान्यासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. आणि सगळी बिलं टेबलावर आल्याशिवाय, कार्ड बंद झाल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. अर्धवट माहितीवर दिलेली मदत अर्धंच कर्ज फेडते, आणि वर्षाने तोच फोन पुन्हा येतो. मात्र एक करा, पोराने सांगितलं तर त्या दिवशी भाषण देऊ नका. दरमहा साडेतीन टक्क्यांपेक्षा घरच्यांच्या बोलण्याला तो जास्त भितो, म्हणून तर लपवतो. आणि लपवलेल्या प्रत्येक महिन्याचं भाडं त्या १ लाखावर ४,१३० रुपये पडतं.

आज घरी गेल्यावर कार्डाचं शेवटचं बिल काढा. त्यावरचे तीन आकडे बघा: एकूण देय रक्कम, व्याजाचा दर आणि गेल्या महिन्यात लागलेलं व्याज. मग ते घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. बाकीचं सगळं त्यानंतर सोपं जातं.