लग्नाचीं फुलें आणि त्यांचें मोल

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, लग्न ठरलेले तरुण व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या शुभप्रसंगीं तुमच्यापुढें दोन शब्द बोलावयाचे, तेव्हां आम्हीं एक साधा विषय निवडला आहे: लग्नाचीं फुलें. विषय ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या वसईंत पुष्कळ घरांची चूल मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या वाडीवर पेटत आली आहे. म्हणून वेदीपुढें ठेवलेलें फूल कोणाच्या कष्टानें आलें व त्यास काय मोल मिळालें, हा प्रश्न आपल्याला टाळतां येण्यासारखा नाहीं.

मोगऱ्याची कळी ऊन चढण्यापूर्वीं खुडावी लागते. पहांटेच्या गाडीनें टोपली दादरच्या फूलबाजारांत जाते. संध्याकाळीं कळी उमलते आणि दुसऱ्या दिवशीं तिला कोणी विचारीत नाहीं. भाताचा शेतकरी धान्य कणगींत ठेवून भाव चढण्याची वाट पाहूं शकतो. फूलवाल्यास ती सोय नाहीं. म्हणून घासाघीस करणाऱ्यापुढें शेवटीं त्यालाच मान तुकवावी लागते. पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालीं 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकांत असें शिकविलें कीं, गरजेनें गांजलेल्या माणसानें कमी मजुरी कबूल केली, तरी तेवढ्यानें ती न्याय्य ठरत नाहीं. फुलांच्या टोपलीलाही हाच नियम लावावा, असें आम्हांस वाटतें.

आतां गजऱ्याकडे पाहा. समजा, एक बाई तासाला ४ गजरे गुंफते व गजऱ्यामागें तिला ५ रुपये मिळतात. तासाचे २० रुपये झाले. आठ तास मान खालीं घालून बसली, तर १६० रुपये. हे आंकडे आम्हीं उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या आळींतल्या बायकांस विचारून खरे आंकडे त्यांच्या जागीं घाला आणि मग तो गजरा तुम्हीं कितीला घेतला तें आठवा. सजावटवाल्यास तुम्ही "पांच हजार कमी करा" म्हणतां, तेव्हां तो कमानींचें भाडें सहसा सोडीत नाहीं. ती तूट खालीं खालीं सरकत जाते, आणि अखेर सुईदोरा धरलेल्या हातावर किंवा वाडींतल्या खुडणाऱ्यावर येऊन पडते.

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच: खर्च कमी करावयाचा तर फुलें कमी सांगा, दर पाडूं नका. एकगठ्ठा रक्कम न ठरवितां फुलें, गुंफणावळ, गाडीभाडें व सामानाचें भाडें निरनिराळें मांडून मागा. फुलें महिनाभर आधीं सांगा व बयाणा द्या. बाकी लग्नाच्याच दिवशीं चुकती करा. आगमनकाळांत व प्रायश्चित्तकाळांत आपल्याकडे लग्नें टाळतात, त्यामुळें नाताळानंतर आणि ईस्टरनंतर तीं एकदम दाटतात व भाव चढतो. त्या चढत्या भावाबद्दल कुरकुर करूं नका. पडत्या भावाचे दिवस त्याच शेतकऱ्यानें मुकाट्यानें काढलेले असतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. मे महिन्याचें लग्न असेल तर मोगरा दारांत आहे. जानेवारींत शेवंती, झेंडू, ॲस्टर आहेत. ऑर्किड थायलंडाहून येतात आणि मोठ्या लिलीचे कंद हॉलंडाहून. तीं फुलें मुळींच घेऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दारचें फूल पडून राहावें आणि परक्या फुलासाठीं कर्ज काढावें, ही रीत शहाणपणाची नव्हे. फुलदाणींत खोंचतात तो हिरवा फोम अमेरिकेंत १९५४ सालीं निघाला. तो एक प्रकारचें प्लास्टिकच असून कुजत नाहीं. त्याचा बारीक भुगा मातींत व पाण्यांत मिसळतो. इंग्लंडांतील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनें २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यास मनाई केली आहे. आपल्याजवळ पितळी घागरी आहेत, केळीचे खुंट आहेत, नारळाच्या झावळ्या आहेत. प्लास्टिकचीं फुलें मात्र देवळांत नकोतच. तीं पुन्हांपुन्हां भाड्यानें फिरतात, आणि प्रत्येक फेरीस वाडीवाल्याचा एक दिवस बुडतो.

संयमाची ही शिकवण आपल्या उपासनेंतच आहे. मिस्साग्रंथाच्या सूचनेप्रमाणें वेदीची फुलांची सजावट बेताची असावी व फुलें वेदीवर ठेवण्यापेक्षां तिच्या सभोंवतीं मांडावीं. प्रायश्चित्तकाळांत, आनंदाचा रविवार व मोठे सण सोडून, वेदीला फुलांची सजावट करीत नाहींत. म्हणजे फुलांवांचूनही उपासना पूर्ण असते. मग एकाच दिवशीं दोन लग्नें असलीं, तर दोन्ही घरांनीं मिळून एकच सजावट करावयास काय हरकत आहे? विधि आटोपल्यावर चांगलीं फुलें आजाऱ्यांच्या घरीं जावींत. उरलेलीं, तारा व चमकी काढून, वाडीच्या खतखड्ड्यांत जावींत.

कोणी म्हणेल, "फादर, लग्न एकदांच होतें, हौस करूं नये काय?" अवश्य करावी. आपला प्रभु लग्नघरच्या आनंदाचा वैरी नव्हता. कानागांवीं यजमानाची अब्रू त्यानेंच राखली. म्हणूनच आम्हांस वाटतें कीं, आपल्या मांडवाच्या शोभेपायीं दुसऱ्या घरची अब्रू जाऊं नये. शेजाऱ्याच्या कमानीशीं बरोबरी करतां करतां बाप कर्जांत बुडाला, तर ती हौस पोरीच्या संसारावर जड होते.

वसईच्या विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसलें जातें आणि वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहतात, हें तुम्ही डोळ्यांनीं पाहतां. फूल पिकवून पोट भरत नसेल, तर वाडी विकणाऱ्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? तुमच्या लग्नाचीं योग्य भावानें घेतलेलीं फुलें म्हणजे त्या वाडीस मिळालेलें एक शिंपण होय. येत्या हंगामांत ज्यांचीं लग्नें आहेत, त्यांनीं ह्या आठवड्यांतच आपापल्या गांवच्या वाडीवाल्याकडे जावें व दराची गोष्ट समोरासमोर बसून करावी, एवढी आमची विनंती आहे.

तुमच्या नव्या संसारांवर प्रभूचा आशीर्वाद असो.