पलंग एक, गाद्या दोन

श्रोतेहो, कंबरदुखीवर बोला म्हणून मला बोलावलंय, आणि मी गादीवरच बोलणार आहे. व्यायाम, वजन, वाकून बादली उचलू नका, हे सगळं तुम्ही शंभरदा ऐकलंय. गादीबद्दल मात्र दुकानदाराशिवाय कुणी काही सांगत नाही.

तर आधीच सांगून टाकते. नवराबायकोपैकी एकाची पाठ दुखत असेल, तर अखंड गादी घेऊ नका. पलंग एकच राहू दे, गाद्या दोन घ्या.

लगेच सासूबाईंच्या भुवया वर. ‘काही बिनसलंय का रे तुमचं?’ काही बिनसलेलं नाही हो! वरून चादर एकच अंथरायची, मग कुणाला कळतंय?

असं बघा. नवऱ्याला चप्पल लागते नऊ नंबरची, बायकोला पाचची. म्हणून दोघांत मिळून सात नंबरची घेतो का आपण? गादीच्या दुकानात नेमकं हेच करतो. त्याला कडक हवी, तिला मऊ, दुकानदार मधलं काहीतरी काढून दाखवतो, आणि आपण सात नंबर घेऊन घरी. त्याची टाच बाहेर, तिचा पाय आत घसरतोय.

शिवाय आपल्याकडे पक्कं बसलंय की पाठ दुखते ना, मग फळीवर झोपा. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी बघितलं, तर मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम. तेव्हा ‘ऑर्थो’ लिहिलेल्या गादीवर भाळू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ नुसता ‘कडक’ एवढाच असतो.

पण मध्यम म्हणजे कुणाला मध्यम? ८५ किलोचा माणूस ज्या गादीत बेताचा दबतो, तीच ५२ किलोच्या बाईला पाटासारखी लागते. ती कुशीवर झोपत असेल, तर खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा. तो जात नाही, कंबर अधांतरी राहते, आणि कणा रात्रभर वाकडा. तिच्या मनासारखी मऊ घेतली, की त्याची कंबर खड्ड्यात. म्हणजे पुन्हा सात नंबरच!

आणि तो उतार. वर्षानुवर्षं पिंजाऱ्याचा हात न लागलेली कापसाची गादी आठवा. जड माणसाच्या बाजूला द्रोण होतो आणि हलकं माणूस तिकडे घरंगळतं. घरंगळू नये म्हणून ती बिचारी झोपेतसुद्धा काठ धरून असते. सकाळी म्हणते पाठ आखडली, आणि आपण म्हणतो वय झालं. फोमचीही हीच गत होते, जरा उशिरा इतकंच. शिवाय ज्याचं दुखतं तो सारखी कूस बदलणार, आणि दर वेळी धक्का शेजारच्याला. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून काही जण कूसच बदलत नाहीत, तासन् तास एका अंगावर पडून राहतात. हे तर फारच वाईट.

म्हणून दोन गाद्या. ७२ बाय ३६ इंचाच्या दोन घेतल्या, की सहा बाय सहाच्या पलंगावर नेमक्या बसतात. जाडी मात्र सारखी बघा, नाहीतर मध्ये पायरी होते. आतला माल वेगळा असला तरी चालतो, एकीकडे काथ्या, दुसरीकडे फोम. मधल्या फटीत जुनी चादर गुंडाळून खोचा.

चप्पल घेताना दुकानात चार पावलं चालून बघता ना? मग गादी नुसती हातानं दाबून काय कळणार? चपला काढा आणि आडवे व्हा, दोघंही. लाजायचं काय त्यात? रोज झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा. उताणे झोपत असाल तर कंबरेखाली हात घाला. आरपार सहज गेला तर गादी तुम्हाला कडक, शिरतच नसेल तर तुम्ही बुडालात.

मध्येच एक सांगते. पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटला, पाठदुखीबरोबर ताप आला किंवा वजन उतरायला लागलं, तर गादीचं दुकान नको, थेट दवाखाना गाठा. तिशीतल्या मुलाची पाठ रोज सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि हिंडल्याफिरल्यावर सुटते, तेही डॉक्टरांना दाखवा.

अरे, उशीचं राहिलंच. कुशीवर झोपणाऱ्यानं दोन गुडघ्यांमध्ये एक उशी घ्यावी, उताणं झोपणाऱ्यानं गुडघ्यांखाली. मानेखालची उशी किती जाड, ते मात्र खांद्याच्या रुंदीवर ठरतं, आणि खांदे तर दोघांचे... बरं, काचेपलीकडून हात हलवतायत. नमस्कार.