पुन्हा रंगांच्या पेटीकडे
(मंडळाच्या एग्मोर येथील सभेत केलेले भाषण)



मी चित्रकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायलींवर शेरे लिहिणारा मी एक साधा बी. ए. मनुष्य. परंतु चिटणीसांनी माझी चार जलरंगातील चित्रे पाहिली आणि मला येथे उभे केले. तेव्हा होणाऱ्या अपराधात त्यांचाही वाटा आहे.

आपल्यापैकी ज्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात झाले, त्यांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आठवत असतील. मी दोन्ही उत्तीर्ण झालो आणि जे. जे. स्कूलची स्वप्ने पाहू लागलो. वडील प्राथमिक शिक्षक. पाठच्या दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. ते रागावले नाहीत. "आधी पोटाचे पाहू," एवढेच म्हणाले. रंगांची पेटी माळ्यावर गेली आणि पुढे पस्तीस वर्षे आम्हा दोघांत त्याविषयी एक शब्दही निघाला नाही.

चेन्नईस बदली झाल्यावर आम्ही म्हैसूर पाहावयास गेलो. जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात हाती दीप घेतलेली एक स्त्री आहे. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांतून प्रकाश झिरपतो. अनेक प्रेक्षक ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे. त्यासाठी उभी होती त्यांची कन्या गीता. आणि ते तैलरंगात नसून जलरंगात आहे! मी बराच वेळ तेथून हललो नाही. परतल्यावर पहिल्याच रविवारी कागद, रंग आणि दोन कुंचले विकत आणले.

एग्मोरसारखी जागा शिकाऊ माणसास शोधून सापडणार नाही. १९०८ सालचे लाल-पांढरे स्टेशन, पँथिऑन रोडवरील संग्रहालयाच्या लाल इमारती; आणि जवळच १८५० साली डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी सुरू केलेली कलाशाळा. पण येथील दमट हवेत रंगाचा पहिला थर लवकर वाळत नाही. मी उतावळेपणाने दुसरा थर चढवी आणि स्टेशनचा घुमट चिखलात बुडे. कचेरीत चुकीचा शेरा दुरुस्त करता येतो. जलरंगात पांढरे हवे असेल तर तेथील कागद आधीच कोरा राखावा लागतो. कोठे थांबावे, हे मला पन्नाशीनंतर कागदाने शिकविले.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहावयास आले. तमिळ येत नाही, शेजारी बोलावयास कोणी नाही. दिवसभर खिडकीशी बसत. एका रविवारी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पेल्यातील पाणी गढुळले होते. काही न बोलता त्यांनी तो पेला उचलला, धुतला आणि स्वच्छ पाणी आणून ठेवले. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "तेव्हा मी तुला अडवले."

"काही गमावले नाही," असे म्हणणे सोपे होते. पण ते खरे झाले नसते. बहिणींचे संसार उभे राहिले, हेही तितकेच खरे. मी म्हणालो, "अण्णा, पाणी पुन्हा गढुळले." ते हसले आणि पेला घेऊन गेले. आता चित्राचा विषय तेच ठरवितात. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या गावच्या शाळेचा व्हरांडा काढावयास सांगितला. खांब किती, हे आम्ही दोघांनी भांडून ठरविले.

बंधुभगिनींनो, आपली मुले स्पर्धा परीक्षांत गुंतली आहेत आणि आपले वृद्ध आईवडील परक्या भाषेच्या शहरात खिडकीशी बसले आहेत. मंडळाने महिन्यातून एक रविवार सकाळ या तिन्ही पिढ्यांना द्यावी, अशी माझी विनंती आहे. बक्षिसे नकोत, परीक्षकही नकोत. कागद मी आणीन. पाणी बदलण्याचे काम अण्णांनी आधीच पत्करले आहे.